बसणाऱ्यांची सकाळ

"या," एवढंच म्हणून दारवाले मामा थांबले.

पुढचा शब्द आला नाही. नाकापर्यंत आलेली शिंक आतल्या आत विरून जावी आणि डोळ्यांत नुसतं पाणी उरावं, तसं तिला झालं. रोज सकाळी या दारातून शिरताना तो शब्द तिच्या अंगावरून जायचा. ती इथलीच, तिला म्हणायची काही गरज नव्हती, पण मामा तिलाही म्हणायचे, दुकानदाराने ओळखीच्या माणसासाठी तराजू जरा झुकता ठेवावा तसं. आज नुसतं "या" हवेत राहिलं आणि मामा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या एका हातात किल्ल्यांचा जुडगा होता. दुसरा हात अर्धवट उचललेला होता, आत दाखवावं की खाली घ्यावा हे न ठरलेला.

"बाई, विचारायचंच होतं," ते म्हणाले. "आजपासून मी निम्मंच म्हणू, की पुढचंही म्हणू?"

"पुढचंही म्हणा."

"आणि खरंच कुणी बसायला गेलं तर?"

"म्हणा, मामा. आहे तसं म्हणा."

"तुम्ही सांगाल तसं. माझं काय, मी दाराशी. आत काय चाललंय ते दाराला कुठे दिसतं."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं की सवयीने, ते तिला कळलं नाही, आणि जिना चढताना तिच्या लक्षात आलं की आपण विचार त्याचा करत नाही आहोत. आपण पायऱ्यांच्या कठड्याला नव्याने गुंडाळलेल्या तांबड्या दोरीकडे बघतो आहोत. दोरी उरली म्हणून कुणीतरी ती कठड्याला गुंडाळून ठेवली होती. बाकीची वर होती, प्रत्येक दालनात, प्रत्येकी एका खुर्चीभोवती. दोरीला नवेपणाचा वास होता, रंगाचा आणि गोणपाटाचा, आणि तो वास काल संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा तिच्या बोटांबरोबर घरी गेला होता, कारण गाठी तिनेच मारल्या होत्या. दुसऱ्या कुणी मारल्या असत्या तर त्या वेगवेगळ्या झाल्या असत्या.

हे खुर्च्यांचं संग्रहालय. न्हाव्याच्या खुर्च्या, दंतवैद्याच्या, न्यायाधीशाची एक, बाळंतिणींच्या दोन, जुन्या प्रतीक्षागृहातले बाक, उंच मेजाशी बसणाऱ्या कारकुनांची पाठ ताठ ठेवणारी आसनं. ती इथे प्रसिद्धीच्या कामावर लागली तेव्हा शाळांच्या सहली यायच्या आणि परत कधीच यायच्या नाहीत. माणूस खुर्च्या बघायला एकदा येईल, तिने तेव्हाच्या म्हाताऱ्या संचालकांना सांगितलं होतं, दुसऱ्यांदा यायचा तर त्याला बसायला मिळालं पाहिजे. म्हणजे काय, ते म्हणाले होते, ठेव्यावर लोकांना बसवायचं? हो, बसवायचं. प्रत्येक दालनात एक खुर्ची, संग्रहातलीच, खरी, जुनी, कितीही वेळ बसा, कुणी उठवणार नाही. आणि या सगळ्यावर एकच वाक्य. दोन शब्द. या, बसा. म्हाताऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, हे वाक्य आहे होय, हे तर आमची बायको रोज म्हणते. म्हणूनच, ती म्हणाली होती.

तेव्हापासून ते शब्द बसथांब्यांवर होते, तिकिटाच्या मागे, कापडी पिशवीवर, सभासदांच्या फोनवर जाणाऱ्या निरोपात, आणि दाराशी मामांच्या तोंडात. त्यात काना-मात्रेचाही फरक नाही. "या ना, बसा" नाही, "या, जरा बसा" नाही. एका छपाईवाल्याने शेवटी हौसेने एक फूल काढलं तर तिने सगळा गठ्ठा परत पाठवला. पहिल्या वर्षी मामा म्हणायचे, "या या, आत या, उन्हातून आलात," तेव्हा तिने त्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं की माणूस बाहेर जे वाचून आला तेच त्याच्या कानावर पडलं की त्याला आपण बरोबर जागी आलो असं वाटतं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पण ऊन असतं हो. तिकीटवाली तर उघडच म्हणायची, "ताईंचं लग्न ठरलं तर पत्रिकेवर दोनच शब्द." सगळे हसायचे. तीही. पण हळूहळू ते आले. एकदा आलेले पुन्हा, पुन्हा आलेले आठवड्याला, मग वर्षाचे सभासद. कर्मचारी त्यांना बसणारे म्हणायचे. दंतवैद्याच्या खुर्चीत विणकाम करणारी बँकेतली निवृत्त बाई. प्रतीक्षागृहातल्या बाकावर येऊनच एकमेकांशी बोलणारं एक जोडपं, घरी म्हणे त्यांचं पटत नाही. आणि तिसऱ्या दालनात, खिडकीपाशी, वेताच्या बैठकीच्या हातवाल्या खुर्चीत, शिंपी. आयुष्यभर यंत्रावर वाकून बसलो, त्याने एकदा तिला सांगितलं होतं, पाठ टेकवायची असते हे मला तुमच्या खुर्चीने शिकवलं. अजून थोडी हातशिलाई करायचा. काज, बटणं, गळ्याची पट्टी. बसला की त्याचा उजवा हात खुर्चीच्या हातावर पसरलेला असायचा, बोटं जरा वाकलेली, सुई नसलेली.

तो हात आता पट्टीत होता. पंधरवड्यामागे खुर्चीचा मागचा पाय निखळला आणि शिंपी उजव्या मनगटावर पडला.

आणि खुर्ची पडण्याआधी डुगडुगत होती.

हे तिला ठाऊक होतं, कारण दर सोमवारी, दार उघडायच्या आधी, ती प्रत्येक बसायच्या खुर्चीत स्वतः बसून बघायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा तो नेम होता, कुणी दुकानाचं कुलूप दोनदा ओढून बघतं तसा. खुर्चीत बसायचं, पाठ टेकवायची, पुढून कुणी आलं असं समजून मान वर करायची, आणि उठायचं. तिसऱ्या दालनातली खुर्ची एका सोमवारी जराशी मागे गेली. जराशीच. जिभेला हलता दात लागावा एवढी. तिने उठून खुर्ची उलटी केली, पायाशी सांधा सुटत आला होता. आता खाली कार्यशाळेत पाठवायची, तर महिना दोन महिने तिथे दुसरी खुर्ची, आणि नव्या हंगामाच्या भित्तीपत्रकावर तर हीच खुर्ची छापून आलेली, हीच खिडकी, हाच उजेड. शहरभर लागलेली. लोक हीच शोधत येणार. शिंपी हीच शोधत येतो. तिने पिशवीतून संग्रहालयाचं एक माहितीपत्रक काढलं, घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि चहाच्या टपरीवर हलत्या टेबलाखाली घालतात तसं पायाखाली सरकवलं. परत बसून बघितलं. हलली नाही. तिला बरं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर हुशारीचं काही केल्यासारखं वाटलं. हंगाम गेला की पाठवू. पुढच्या सोमवारीही हलली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घडी पायाखाली दबून पातळ पातळ होत गेली असणार, हे कुणाला दिसतं.

अचानक घडलं. कुणालाच कल्पना नव्हती.

हे वाक्यही तिचंच. शिंपी पडला त्याच दिवशी ती नव्या संचालकांना सगळं सांगायला गेली होती. त्यांना कर्मचारी आपसात टाचणी म्हणत, कारण ते बारीक होते आणि कागदाला कागद लावून ठेवत. त्यांनी ती बोलत असताना हात वर केला, वाहतूक थांबवतात तसा. "पायाखाली काही घातलं होतं वगैरे, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," ते म्हणाले, "आणि मी ऐकलेलं नाही. आता पुढचं बोलू." पुढचं म्हणजे पंधरवडाभर दालनं बंद, आणि उघडताना दोऱ्या. सगळ्या बसायच्या खुर्च्यांना, तपासणी होईपर्यंत, म्हणजे कधीपर्यंत ते माहीत नाही. "आणि वाक्य?" तिने विचारलं. "वाक्य तेच." "पण बसायला मिळणार नाही." "सातत्य हा तुमचाच शब्द," ते म्हणाले, शांतपणे, जवळजवळ आदराने. "वाक्य काढलं तर लोक विचारतील का काढलं. वाक्य तेच ठेवा. आणि त्या प्रकाराबद्दल कुणी विचारलं तर त्यालाही एक वाक्य लागेल. सगळ्यांच्या तोंडी एकच. तुमच्याइतकं हे कुणाला जमणार." तिला ते तिथेच जमलं. उभ्या उभ्या. हात आधीच तयार होता जणू, सुतळीच्या टोकाला गाठ मारायला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हा की वाक्य चांगलं आहे, आखूड आहे, पाठ होईल. झालंही. तिकीटवाली एकदा म्हणाली, "अचानक घडलं म्हणे," तर तिने "म्हणे" काढायला लावलं.

एका माणसाने फक्त पाठ केलं नाही. मामा म्हणाले, "मला विचारलं तर मी सांगेन, साहेबांना विचारा. माझ्या तोंडात एक वाक्य आहे तेवढं पुरे."

ती आपल्या खोलीत येऊन बसली. खिडकीतून खाली रस्ता दिसत होता, पलीकडच्या थांब्यावर तिचं भित्तीपत्रक, काचेआड, खुर्ची आणि उजेड. थोड्या वेळाने बसणाऱ्यांची सकाळ सुरू होणार होती. वर्षातून एकदा सगळ्या सभासदांना बोलावलं जाई, चहा असे, संचालक दोन शब्द बोलत. निरोप काल सगळ्यांच्या फोनवर गेला होता. तिने तो पाठवताना बोट क्षणभर वर धरलं होतं आणि मग खाली टेकवलं होतं. त्यात शेवटी ते दोन शब्द होते. ते नेहमीच असतात. शिंप्याचंही नाव यादीत होतं, ते काढलं असतं तर काढलेलं दिसलं असतं.

हे शब्द तिला कुठे सापडले होते, हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. ती सात-आठ वर्षांची असताना आई तिला घेऊन आपल्या भावाकडे, तिच्या सख्ख्या मामाकडे गेली होती. तिच्या शाळेसाठी मामाने तिला ठेवून घ्यावं, हे विचारायला. मामाचं घर मोठं, दारात पायपुसणं, त्यावर दोघींचे पाय. आणि मामा आत, दिवाणावर, आणि आई दारातून दोन पावलं आत येऊन उभी. बोलणं झालं, पावसापाण्याचं, तब्येतीचं, आणि आई उभीच. तिला आठवत होतं ते आईच्या साडीच्या काठाला पकडलेल्या आपल्या मुठीतलं दमट कापड, भिंतीवरचं पालीचं शेपूट, आणि ती वाट बघणं, आता म्हणेल, आता म्हणेल. बसा. एक शब्द. मामाने तो म्हटला नाही. आई म्हणाली, "सहज आलो होतो," आणि त्या परत निघाल्या, आणि शाळेचं कुणी बोललंच नाही. त्या न म्हटलेल्या शब्दाची तिला जन्मभर भूक राहिली. मोठी झाल्यावर कुणाच्याही घरी गेली की ती दारात एक श्वास थांबायची, आणि यजमानाने "बस ना" म्हटलं की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. ज्याला तो शब्द मिळतो तो माणूस परत येतो, हे तिला कुठल्या अभ्यासक्रमात शिकवावं लागलं नव्हतं. तिने तो शब्द उचलला आणि शहरभर लावला. कुणी दारात उभं राहू नये म्हणून. असं तिला वाटत आलं होतं.

काल रात्रीच्या जेवणाआधी आई मटार सोलत बसली होती आणि ती हात धूत होती, दोरीचा वास जात नव्हता म्हणून दुसऱ्यांदा. आई म्हणाली, "काय गं, किती घासशील, कातडी निघेल." मग ती बोलली. सगळं नाही. दोऱ्या बांधल्या, वाक्य तेच आहे, उद्या लोक येणार, एवढंच. आणि मग, कधी नव्हे ते, मामाच्या घरचं. की तेव्हा त्याने तुला बसा म्हटलं नाही ना, तिथूनच मला ते सुचलं होतं.

आईने शेंग अर्धवट उघडून तशीच धरली.

"कोण म्हणालं, म्हटलं नाही?"

"मी होते ना तिथे."

"मग तुझ्या कानात काय बोळे होते? म्हटलं की. चांगलं दोनदा म्हटलं. बस गं, बस की, उभी का."

"मग तू बसली का नाहीस?"

"कशावर बसू? एकच खुर्ची, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा हा एवढा ढीग. तुझ्या मामीने उचलला नाही, तो तर जागचा हलला नाही. आणि आपलं बस बस चालू. कपड्यांवर बसू, की त्याच्या डोक्यावर?" आई हसली, पण नुसत्या नाकाने. "तोंडाला काय लागतंय, फुकटचं असतं. मी तेव्हाच ओळखलं, हा पोरीला ठेवायचा नाही. विचारून कशाला तोंडघशी पडा."

"मला आठवत नाही ढीग."

"तू दारात होतीस. तुला माझी पाठ दिसत असेल." आणि मग दाणे वाटीत टाकत, दुसरंच काही बोलल्यासारखं, "तुझ्या त्या म्युझियमला मी कधी येत नाही म्हणून रागावतेस ना? खुर्च्या आपल्याकडे चार आहेत. मोकळ्या आहेत."

रात्रभर तिने त्या खोलीत खुर्ची ठेवून बघितली. भिंतीशी, मग दिवाणाशी, मग खिडकीखाली. कपडे ठेवून बघितले. मामाचं तोंड हलवून बघितलं. आईच्या पाठीच्या पलीकडे ती जाऊ शकत नव्हती. इतकी वर्षं तिने एक न म्हटलेला शब्द सांभाळला होता, आणि तो म्हटला गेला होता, दोनदा. मग दमट मुठीत होतं ते काय, आणि ते जर शब्द नसण्याचं नव्हतं, तर शहरभर आपण लावलंय ते

"ताई, लोक आले." तिकीटवाली दारात.

दालनांमध्ये ते पसरले होते आणि सगळे उभे होते. एवढी उभी माणसं तिने इथे एकत्र कधी बघितली नव्हती. विणकामवाली बाई दंतवैद्याच्या खुर्चीसमोर पिशवी पोटाशी धरून उभी होती आणि दोरीकडे बघत होती, आपल्याच घराला कुलूप दिसल्यावर माणूस बघतो तसं. जोडपं बाकापाशी, एकमेकांपासून हातभर लांब, गप्प. भिंतीवर नवं भित्तीपत्रक, दोन शब्द. दाराशी मामांचा आवाज येत होता, या बसा, या बसा, तो एका सुरात, त्यात ना ऊन ना सावली, आणि आवाज आत आला की आतली माणसं मान वळवत आणि परत दोरीकडे बघत. कुणी तक्रार करत नव्हतं. सभ्य माणसं होती, चहाचे कप धरून होती. "काय झालं हो नेमकं?" कुणीतरी तिकीटवालीला विचारलं आणि तिकीटवालीने सांगितलं, अचानक घडलं, कुणालाच कल्पना नव्हती. दुसऱ्या दालनातून सफाईवाल्या मावशींचा आवाज, अचानक घडलं. संचालक बँकेतल्या बाईंना सांगत होते, अचानक. तिच्या आयुष्यात कुठलाही निरोप इतका एकसारखा, इतक्या तोंडांतून, इतका न चुकता गेलेला नव्हता. तिला घेरी आल्यासारखं झालं आणि धरायला म्हणून तिने हात टाकला तो दोरीवर पडला.

तिसऱ्या दालनात खिडकीपाशी मोकळी जागा होती. फरशीवर चार फिकट ठिपके, खुर्चीच्या पायांचे. तिथे शिंपी उभा होता.

शर्टाचं वरचं बटण लावलेलं नव्हतं, डाव्या हाताने जमलं नसणार. उजवा हात गळ्यात. दाढी कुणीतरी दुसऱ्याने केल्यासारखी, कानाशी राहिलेली. तिला बघून तो एकदम पुढे आला, शाळेतल्या पोराने मास्तरांकडे यावं तसा.

"बाई, बरं झालं भेटलात. मला माफी मागायची होती."

"काका, तुम्ही?"

"तुमची खुर्ची गेली माझ्यापायी. एवढी जुनी. मी जरा धसकन बसलो असेन. आता आठवत नाही. सारखं आठवून बघतो, की मी कसा बसलो त्या दिवशी." त्याने डाव्या हाताने हवेत बसण्याची एक खूण केली, हळू, मग परत जरा जोरात. "आणि आता बाकीच्यांनाही बसायला मिळेना. ती विणकामवाली बाई माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"तसं काही नाही हो. ते अचानक"

ती थांबली. पुढचे शब्द तोंडात होते, ओळीने उभे होते, त्यांना ढकलायचीही गरज नव्हती.

"हो, तेच," शिंपी म्हणाला. "अचानक. फोनवर तुमच्या इथून तेच सांगितलं घरी. म्हणून तर आमच्या सूनबाईने ठरवलंय की मला चक्कर येते. बसल्या जागी माणूस अचानक पडतो म्हणजे डोक्यात काहीतरी झालं असणार. डॉक्टर झाले दोन. आता एकट्याला बाहेर सोडत नाही. जिन्यात माझा दंड धरते, सगळ्या मजल्यांसमोर. आजही तीच घेऊन आली, खाली फाटकाशी उभी आहे. म्हणाली, एकदाच जाऊन या, निरोप घेऊन या. पुन्हा नाही." तो किंचित हसला. "मलाही आता वाटायला लागलंय. सकाळी उठताना भिंत धरतो. चक्कर येत नाही, पण धरतो."

संचालक दालनाच्या तोंडाशी येऊन उभे होते. त्यांच्या हातात कप होता. ते नुसते तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात धमकी नव्हती, विश्वास होता, आणि तेच तिला सोसवेना. उद्यापासून काय, हे तिला स्पष्ट दिसलं. ही खोली नाही, खिडकी नाही, सोमवार नाही. आईला काय सांगायचं. या वयात दुसरीकडे कोण घेतंय, आणि चौकशीला इथे फोन केला तर इथले काय सांगणार. हे सगळं एका घोटात आलं.

"काका, तुम्ही धसकन बसला नाहीत."

"अं?"

"खुर्ची आधीपासून हलत होती. मला माहीत होतं. मी पायाखाली कागदाची घडी घातली होती. खुर्ची हलवायची नव्हती मला तिथून, म्हणून. दुरुस्तीला पाठवायला हवी होती."

खिडकीबाहेर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, तिचा टुंटुं आवाज येत राहिला. शिंप्याने खाली फरशीकडे बघितलं, त्या चार ठिपक्यांकडे, त्यातल्या एकाकडे. कुठला तो बरोबर त्याने ओळखला.

"कागदाची," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी येऊन बसत होतो."

"हो."

तिला वाटलं तो ओरडेल, आणि तिला तसं हवं होतं. तो ओरडला नाही. त्याचा चेहरा हळूहळू बंद झाला, दुकानाची फळी एकेक लावावी तसा. ज्या माणसाने तिला पाठ टेकवण्याबद्दल सांगितलं होतं तो त्यातून निघून गेला, तिच्या देखत, आणि तो परत येणार नाही हे तिला कळलं.

"मी पंधरा दिवस घरात चोरासारखा बसलोय," तो म्हणाला. "चला खाली."

"काका..."

"मला नका सांगू. मला कळलं. तिला सांगा. जसंच्या तसं. कागदाचंही."

संचालक बाजूला झाले नाहीत, त्यामुळे तिला त्यांच्या आणि दाराच्या मधून आडवं होऊन जावं लागलं. "विचार करा," ते हलक्या आवाजात म्हणाले, तिच्या कानाजवळ. "अजून तुम्ही फक्त एकाशी बोललात." विणकामवाली बाई बघत होती. तिकीटवाली बघत होती. जिन्यात शिंप्याने कठडा धरला नाही. तिने त्याचा दंड धरण्यासाठी हात पुढे केला आणि वेळेवर मागे घेतला.

फाटकाशी सूनबाई छत्री मिटून उभी होती, सडसडीत, कामावरून अर्धी सुट्टी काढून आलेल्या माणसाची घाई अंगात असलेली. सासऱ्याला तरातरा येताना बघून ती पुढे धावली. "बाबा, हळू. किती वेळा सांगायचं."

"ऐक आधी. या बाई काय म्हणतात ते ऐक."

तिने सांगितलं. एवढं भराभर की सूनबाईच्या कपाळावर आठी आली आणि तिने परत विचारलं, "म्हणजे यांना चक्कर आली नव्हती?"

"नाही."

"आणि फोनवर तुमची माणसं मला काय सांगत होती मग? मी तीनदा विचारलं त्या मुलीला, आधी काही झालं होतं का. पोपटासारखं एकच."

"ते मीच सांगायला लावलं होतं."

सूनबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. आपण या बाईवर ओरडावं की आणखी काही, हे तिने क्षणात ठरवून टाकल्याचं दिसलं. तिने पिशवीतून फोन काढला. "हे असंच्या असं यात बोला. माझ्या नवऱ्याला ऐकवायचंय, तो माझं ऐकणार नाही. डॉक्टरांनाही. आणि पुढे लागलं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "हरकत नाही ना?"

वर खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलेलं तिला न बघताच कळलं. "नाही," ती म्हणाली.

फोन तिच्या हनुवटीपाशी आला. पडद्यावर तांबडा ठिपका पेटला आणि सेकंद धावायला लागले. ती निम्मं आयुष्य वाक्यं कापत आली होती, त्यातला एकही शब्द आता तिच्या मदतीला येईना. ती म्हणाली, की मी इथे काम करते, प्रसिद्धीचं, म्हणजे इथले निरोप वगैरे मी लिहिते, आणि तिसऱ्या दालनात, म्हणजे खिडकीपाशी, एक खुर्ची होती, ती हलत होती, हे मला, म्हणजे साधारण दोन महिन्यांपूर्वी, नाही, जास्तच, हे मला माहीत होतं. मध्येच मागून बस गेली आणि तिचा आवाज बुडाला. ती थांबली, परत सुरुवात केली, कागदाच्या घडीपाशी येऊन अडखळली, घडी कशी घातली तेही सांगून बसली, दोनदा, कुणी विचारलं नव्हतं तरी. मग म्हणाली, काकांची काही चूक नव्हती. ते नीट बसले होते. ते नेहमी नीट बसायचे.

ठिपका चालूच होता.

शिंपी पाठ करून रस्त्याकडे बघत उभा होता. भिंत, खांब, सुनेचा हात, कशालाच धरलेलं नव्हतं.

सूनबाईने फोन कानाशी नेऊन थोडं ऐकलं. "बसचा आवाज आलाय फार मध्ये," ती म्हणाली. "आणि तुम्ही दोनदा तेच बोललात. परत घेऊ का? नीट, थोडक्यात?"

"नको," ती म्हणाली. "हेच पाठवा."